कर्ज दुसऱ्याचे, पत्ता आपला!

व्यापारात माणसाची ओळख दोन गोष्टींनी होते. एक त्याचे नाव, दुसरा त्याचा पत्ता. नाव सांगणारे पुष्कळ भेटतात, परंतु ज्याचा पत्ता पक्का त्यालाच माल उधार मिळतो. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचा यंत्रमागाचा धंदा असो की मुंबईच्या मूळजी जेठा किंवा मंगलदास मार्केटमधील गादी असो, साठ-नव्वद दिवसांच्या मुदतीवर कापड देणारा आधी हेच विचारतो की पार्टी कुठली, गाळा कुठे आणि घर कुठे? बँका आणि फायनान्स कंपन्या वेगळे काही करीत नाहीत. त्यांची विचारपूस कागदावर होते, एवढाच फरक.

म्हणूनच पत्ता ही आता चोरण्याजोगी चीज झाली आहे. आपल्या घराचा पत्ता लिहून कोणी मोटारसायकल हप्त्याने उचलतो, कोणी मोबाईल घेतो, कोणी पतसंस्थेतून रोकड काढतो. हप्ते थकले की ज्या घराने एक पैसाही घेतला नाही त्या घरी तगादा सुरू होतो. आधी पाकिटे येतात, मग दारात दोन माणसे उभी राहतात. घरातील बायका-मुले घाबरतात, शेजारीपाजारी कुजबुजतात. इज्जतीच्या धाकाने दुसऱ्याचे चार हप्ते भरून मोकळे व्हावे असेही मनात येते. तसे करण्याची मुळीच गरज नाही. मात्र गप्प बसणेही बरे नाही. का, ते पाहू.

पत्त्यामुळे कोणी कर्जदार होत नाही

कर्ज हा देणारा आणि सही करणारा यांच्यातील करार आहे. त्यात बांधला जातो तो कर्जदार, त्याच्या जोडीने सही करणारा सहकर्जदार आणि जामीनदार. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, म्हणून जामीन राहताना दहा वेळा विचार करावा. परंतु ज्याचे नाव अर्जावर केवळ ओळखीसाठी लिहिले आहे तो जामीनदार नव्हे. आणि ज्याच्या घराचा फक्त पत्ता लिहिला आहे, तो तर कोणीच नव्हे.

कोर्टाचा हुकूमनामा झाला तरी जप्ती येते ती ऋणकोच्या मालमत्तेवर. तो ज्या घरात राहतो असे त्याने लिहून दिले, त्या घराच्या मालकाच्या मालमत्तेवर नव्हे. चुकून आपल्या वस्तूंवर जप्ती लागलीच तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम ५८ खाली हुकूम बजावणाऱ्या कोर्टापुढे हरकत घेता येते. कारागीर बंधूंनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. याच संहितेच्या कलम ६० प्रमाणे कारागिराची हत्यारे, प्रत्यक्ष कर्जदार असलेल्या कारागिराचीसुद्धा, जप्तीतून वगळलेली आहेत.

तथापि एका बाबतीत पत्ता देणारा खरोखरच अडकू शकतो आणि ती बाब व्यापाऱ्यांनाच लागू आहे. आपल्या गाळ्यात मित्राला टेबल टाकू देणे, त्याच्या फर्मची पाटी आपल्या दारावर लावू देणे, हा रिवाज बाजारात जुना आहे. १९३२ च्या भागीदारी कायद्याचे कलम २८ असे सांगते की जो स्वतःला एखाद्या पेढीचा भागीदार म्हणवतो, किंवा जाणूनबुजून तसे भासू देतो, तो त्या विश्वासावर उधारी देणाऱ्याला भागीदारासारखाच जबाबदार असतो. मित्र गिऱ्हाइकांसमोर तुम्हाला "आमचे पार्टनर" म्हणतो, तुम्ही हसून ऐकून घेता आणि समोरचा त्या भरोशावर माल पाठवतो. उद्या मित्र गाळा सोडून गेला तर "मी फक्त जागा दिली होती" हे तुम्हाला कोर्टात शाबीत करीत बसावे लागेल. म्हणजे कायदा पत्त्याला जबाबदार धरत नाही, परंतु सगळे ठाऊक असून बाळगलेल्या मौनाला जबाबदार धरू शकतो.

आधी प्रकार ओळखावा

पत्र कोणाच्या नावाचे आहे यावर पुढचे पाऊल अवलंबून असते. पहिला प्रकार म्हणजे घरात पूर्वी राहून गेलेला भाडेकरू किंवा जुना मालक. त्याने पत्ता बदलून घेतला नाही, म्हणून पत्रे अजून आपल्याकडे येतात. यात बहुधा लबाडी नसते. दुसरा प्रकार ओळखीच्या माणसाचा. भाचा, मेहुणा, कारखान्यातील कामगार, ज्याने आपल्याला विचारून किंवा न विचारता आपला पत्ता लिहिला. तिसरा प्रकार अनोळखी ठगाचा. त्याने बनावट कागद करून पत्ता लावला, आणि कदाचित आपले नाव, आधार व पॅनही वापरले. पहिल्या दोन प्रकारांत पत्रव्यवहाराने बहुतेक काम भागते. तिसऱ्यात पोलिसांकडे गेल्याशिवाय इलाज नाही.

एक चौथी गोष्ट मात्र तातडीची आहे. नोटिशीत आपले घर केवळ पत्ता म्हणून नव्हे, तर गहाण मालमत्ता म्हणून लिहिलेले असेल, खाली चतुःसीमा, सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ दिलेले असेल, तर त्याच दिवशी वकील गाठावा. २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँक ताब्याची नोटीस मालमत्तेवर चिकटवते आणि दोन वर्तमानपत्रांत छापते, त्यांपैकी एक स्थानिक भाषेतील असते. बँकेच्या या कारवाईविरुद्ध कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाण्याची मुदत फक्त ४५ दिवसांची आहे.

पहिले पाकीट आले की

दुसऱ्याच्या नावाचे पाकीट फोडू नये, फाडू नये आणि सही करून घेऊही नये. पोस्टमनला स्वच्छ सांगावे की या नावाची व्यक्ती येथे राहत नाही, आणि तसाच शेरा मारून परत पाठवण्यास सांगावे. "घेण्यास नकार" असा शेरा पडू देऊ नये. योग्य पत्त्यावर टपालाने पाठवलेली नोटीस पोहोचली असे कायदा गृहीत धरतो आणि नकार म्हणजे नोटीस बजावली गेली असे कोर्टे मानतात. मग देणारा समजतो की माणूस याच घरात आहे व तोंड चुकवतो आहे. त्याचा पुढचा माणूस तुमच्याच दारात येतो.

पाकिटाच्या बाहेरून जे दिसते ते, म्हणजे पाठवणाऱ्याचे नाव, तारीख आणि असल्यास कर्ज क्रमांक, वहीत टिपून घ्यावे व मोबाईलवर फोटो काढून ठेवावा. नंतर त्या बँकेच्या किंवा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला स्पीड पोस्टाने पत्र पाठवावे आणि पोच जपून ठेवावी. पत्र थोडके असावे. उदाहरणार्थ:

"मी वरील पत्त्यावर राहतो. आपल्या संस्थेची श्री. अमुक यांच्या नावाची पत्रे या पत्त्यावर येत आहेत. सदर व्यक्ती येथे राहत नाही. सदर कर्जाशी कर्जदार, सहकर्जदार अथवा जामीनदार म्हणून माझा काहीही संबंध नाही. माझा पत्ता वापरण्यास मी संमती दिलेली नाही. तरी हा पत्ता आपल्या दप्तरातून काढून टाकावा, वसुलीसाठी येथे कोणास पाठवू नये व केलेली कार्यवाही मला लेखी कळवावी."

जुना भाडेकरू असेल तर तो केव्हा आला व केव्हा गेला ते लिहावे. पत्ता वापरायला आपणच कधी होकार दिला असेल तर संमतीचे वाक्य गाळावे. खोटे लिहून सुटका होत नाही, उलट आपल्या बाकीच्या खऱ्या बोलण्याचे वजन जाते. सोबत घरपट्टीची पावती जोडली तरी पुरे. पॅनची प्रत मागितली तर देऊ नये. ज्या खात्याशी आपला संबंध नाही, त्या खात्याला आपला पॅन आपल्याच हाताने का चिकटवावा?

तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा उडवाउडवीचे आले तर रिझर्व्ह बँकेकडे जावे. २०२१ पासून बँका व फायनान्स कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींसाठी तिची एकत्रित लोकपाल व्यवस्था आहे. तक्रारीला शुल्क नाही. १४४४८ या फोन क्रमांकावर माहिती मिळते. पतसंस्थेची गोष्ट वेगळी. पतसंस्था सहकार खात्याच्या देखरेखीखाली असते, म्हणून तिची तक्रार तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या निबंधक कार्यालयात करावी.

वसुलीची माणसे दारात आली तर

घाबरू नये, भांडूही नये. वसुली प्रतिनिधीजवळ ओळखपत्र आणि बँकेचे अधिकारपत्र असले पाहिजे. दोन्ही मागून पाहावीत, नाव व फोन टिपून घ्यावा. रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात बजावले आहे की सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन करू नयेत, दमदाटी करू नये, कर्जदाराच्या घरच्यांना किंवा मित्रांनाही छळू नये. गुंड पाठवून वसुली करण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच बँकांना कडक शब्दांत सुनावले आहे.

आलेल्या माणसाला आपल्या पत्राची व पोचीची झेरॉक्स द्यावी. त्याच्या कोणत्याही कागदावर सही करू नये. "निदान पाचशे रुपये तरी भरा, म्हणजे वर सांगता येईल" असे तो म्हणेल. भरू नये. तो पैसा उपकार म्हणून दिला तरी संबंध असल्याचा पुरावा म्हणून पुढे येऊ शकतो. आत शिरण्याची जबरदस्ती किंवा शिवीगाळ झाली तर ११२ वर पोलिसांना बोलवावे.

कोर्टाचा बेलिफ आला तर गोष्ट निराळी. तो सरकारी माणूस आहे, त्याचा मान राखावा. समन्स घेऊ नये, पण "ही व्यक्ती येथे राहत नाही" हे त्याच्या अहवालात लिहायला सांगावे. आदेश ५ प्रमाणे घरातील प्रौढ माणसाकडे समन्स देता येते आणि कोणी नसल्यास दाराला चिकटवताही येते. म्हणून दारावर कागद लागलेला दिसला तर फाडून टाकू नये. त्यावरील दावा क्रमांक पाहून त्या कोर्टाला लेखी कळवावे.

आपले नावही वापरले असेल तर

आपल्या नावावर दुसऱ्याने कर्ज काढले आहे काय, हे कळण्याची सोय आहे आणि ती फुकट आहे. देशात सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार पतमाहिती कंपन्या आहेत. प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल मोफत मिळतो. अहवालात आपल्या नावावरील सारी कर्जे, कोणी कधी चौकशी केली त्याची नोंद आणि आपले म्हणून कळवलेले पत्ते असतात. अनोळखी कर्ज किंवा पत्ता दिसला तर त्या कंपनीकडे आणि कर्ज देणाऱ्याकडेही हरकत नोंदवावी. २६ एप्रिल २०२४ पासून असा नियम आहे की तक्रार ३० दिवसांत सुटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला मिळाली पाहिजे.

त्याच बरोबर पोलिसांत फिर्याद द्यावी. सायबर फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत फसवणुकीसाठी कलम ३१८, दुसऱ्याचे सोंग घेऊन फसवण्यासाठी ३१९, बनावट कागद करण्यासाठी ३३६ आणि तो वापरण्यासाठी ३४० ही कलमे आहेत. दुसऱ्याची ओळख वापरण्याबद्दल माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ सी खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. फिर्यादीची प्रत मोफत मिळण्याचा आपला हक्क आहे. ठाण्यात दाद लागली नाही तर वरिष्ठ अधिकाऱ्याकडे आणि नंतर दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो.

व्यापाऱ्यांना आणखी एक धोका आहे. जीएसटी नोंदणीसाठी धंद्याच्या जागेचा पुरावा म्हणून वीजबिल व मालकाचे संमतिपत्र चालते. ठग आपले वीजबिल मिळवतो, बनावट संमतिपत्र जोडतो आणि आपल्या गाळ्यात न दिसणारी फर्म उघडतो. अशा बोगस नोंदण्या हुडकण्यासाठी सरकारने २०२३ मध्ये मे ते जुलै आणि २०२४ मध्ये ऑगस्ट ते ऑक्टोबर अशा देशभर मोहिमा काढल्या. अधिकारी ज्या पत्त्यावर तपासाला येतात तो आपला असेल, तर आपली आधीची तारीखवार लेखी तक्रार हाच सर्वांत चांगला जबाब. जीएसटी कार्यालयाला पत्र देऊन कलम २९ खाली ती नोंदणी रद्द करण्याची मागणी करावी.

भीडमुर्वत कुठवर?

आता थोडे आपल्याच विषयी. कर्ज मंजूर करण्यापूर्वी बँकेचा माणूस मोहल्ल्यात येतो व विचारतो, "अमुक येथे राहतो का?" आपल्याकडे भीडमुर्वत फार. कोणाचे काम अडू नये म्हणून दुकानदार म्हणतो, "हो हो, इथेच राहतो, चांगला माणूस आहे." त्याच्या दृष्टीने ती मेहेरबानी असते. बँकेच्या कागदावर मात्र ती गवाही होते. आणि त्या गवाहीचा भुर्दंड तिसऱ्याच घराला पडतो. माहीत असेल ते सांगावे, माहीत नसेल तर "माहीत नाही" म्हणावे. यात कोणाचा अपमान नाही.

नात्यातील माणूस पत्ता मागतो तेव्हा तोंडावर नाही म्हणणे कठीण जाते, हे खरे. परंतु देऊन नंतर तोंड फिरवण्यापेक्षा आधीच नाही म्हणणे नात्याला कमी महाग पडते. त्याची गरज खरी असेल तर आपल्या ऐपतीप्रमाणे रोख मदत करावी आणि लिहून ठेवावे. त्यात किती बुडेल ते आपल्याला ठाऊक असते. दिलेल्या पत्त्यावर किती जणांचे देणे चढेल ते ठाऊक नसते.

परंतु दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. मागावर काम करायला उत्तर प्रदेशातून, बिहारमधून आलेला कामगार वर्षानुवर्षे एका खोलीत राहतो, वेळेवर भाडे देतो, पण त्याच्या हातात पत्त्याचा एकही कागद नसतो. कारण खोलीमालक करारनामा करीत नाही. मग मोबाईलसाठी, बँक खात्यासाठी, मुलाच्या शाळेसाठी तो कोणाचा तरी पत्ता उसना घेतो. तो ठग नसतो, त्याला आपणच तसे करायला भाग पाडतो. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचे कलम ५५ सांगते की भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणीचे थोडे पैसे वाचवण्यासाठी मालक हा करार टाळतात. त्यातून भाडेकरूचा हक्क बुडतो आणि मालकाच्या हातातला पुरावाही जातो. भाडेकरू कोणत्या तारखेला आला व गेला हे सांगणारा तोच एक कागद असतो. आपल्या कामगाराला "माझ्याच घरी राहतो" असे लिहून देऊ नये. "माझ्याकडे अमुक वर्षापासून काम करतो" हे खरे वाक्य लिहून द्यावे. त्याचे बरेच काम त्यानेही होते.

घरात पाळण्यासारख्या गोष्टी

वीजबिल जिन्यात किंवा मीटरच्या पेटीवर पडू देऊ नये. दोन महिन्यांच्या आतील वीज, पाणी, फोन किंवा पाइप गॅसचे बिल आणि घरपट्टीची पावती हे रिझर्व्ह बँकेच्या नियमांत तात्पुरता पत्त्याचा पुरावा म्हणून चालतात. म्हणजे ताजे बिल ही किमती वस्तू आहे.

कोणालाही झेरॉक्स देताना तिच्यावर आडवी रेघ ओढून कोणासाठी, कशासाठी व कोणत्या तारखेला दिली ते लिहावे. आधारची प्रत द्यावी लागली तर शेवटचे चारच अंक दिसणारी द्यावी, ती आधारच्या संकेतस्थळावरून मिळते. झेरॉक्सच्या दुकानात खराब निघालेली प्रत टाकून येऊ नये.

मतदार यादीत आपल्या घराच्या पत्त्यावर कोणाकोणाची नावे आहेत ते पाहावे. अनोळखी किंवा सोडून गेलेल्या माणसाचे नाव असेल तर नमुना ७ भरून हरकत घेता येते. मतदार ओळखपत्रावरही पत्ता असतो आणि त्यावर कर्जे निघतात. परंतु हे काम खात्री करूनच करावे. कोणाचे खरे नाव आपल्या चुकीच्या हरकतीने उडू नये.

शेवटी एक फाईल करावी. तिच्यात पाकिटांचे फोटो, पाठवलेली पत्रे, पोस्टाच्या पावत्या, आलेल्या माणसांची नावे व तारखा ठेवाव्यात आणि ती घरातील सर्वांना माहीत असावी. तगादा करणारा माणूस बहुधा दुपारी येतो, जेव्हा मर्द दुकानावर असतात. दार उघडणाऱ्या बाईला किंवा म्हाताऱ्या आईला एवढे ठाऊक हवे की हे कर्ज आपले नाही, आपण तसे लेखी कळवले आहे, आणि हा त्याचा कागद आहे. एवढे ठाऊक असले की दारात उभ्या माणसाला भिण्याचे कारण राहत नाही.